दिवे घाटातली वारी एका फोटोत: चालत्या गर्दीचा पॅनोरमा कसा काढावा

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडला निघते, त्या दिवशी दिवे घाटात कॅमेरा घेऊन उभं राहिलेल्या प्रत्येकाला एकच अडचण येते. समोरचं दृश्य कुठल्याच लेन्समध्ये मावत नाही. खाली वडकीपासून वर घाटमाथ्यापर्यंत रस्त्याची नागमोडी वळणं माणसांनी भरलेली असतात, एका बाजूला मस्तानी तलाव असतो, वर आषाढाआधीचं ढगाळ आभाळ. वाइड लेन्स लावली की सगळं येतं, पण माणसं मुंगीएवढी होतात. लांबची लेन्स लावली की चेहरे येतात आणि घाट जातो. म्हणून पॅनोरमा: शेजारशेजारचे फोटो घ्यायचे आणि घरी येऊन एकाला एक जोडायचे.

डोंगराचा पॅनोरमा सोपा असतो, कारण डोंगर हलत नाही. वारी हलते. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या फोटोत तेच सापडतं. एका टाळकऱ्याला तीन पाय, अर्धं तुळशी वृंदावन हवेत, एकच आजोबा दोन ठिकाणी. माझ्याही सुरुवातीच्या फोटोंत हे सगळं होतं, आणि दोष सॉफ्टवेअरचा आहे असं मला बराच काळ वाटत होतं. तो तसा नव्हता. पॅनोरमा म्हणजे एक क्षण नव्हे, आठ-दहा क्षण शेजारी शेजारी शिवलेले. शिवण कुठून जाणार हे घाटात उभं असतानाच ठरवावं लागतं. संगणकावर ते ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

आधी घराजवळ सराव

वारी वर्षातून एकदा येते, तिथे जाऊन शिकायला सुरुवात करू नका. गावचा आठवडे बाजार, एसटी स्टँड, शाळा सुटायची वेळ, कुठेही चालेल. चार-पाच वेळा काढून, जोडून, चुका पाहून मग घाटात जा.

जागा

पालखीच्या दिवशी घाट वाहनांसाठी बंद असतो, त्यामुळे पहाटेच पोहोचून चालत वर जायची तयारी ठेवा. पालखी घाटात दुपारी येते, पण दिंड्या कितीतरी आधीपासून चढत असतात. या मधल्या वेळेचा उपयोग जागा निवडायला करा.

जागा निवडताना नवशिके फक्त देखावा बघतात. तुम्ही अंतरही बघा. रस्त्याच्या अगदी कडेला, माणसांपासून दोन-तीन मीटरवर उभे राहिलात तर फोटो जोडणं जवळपास अशक्य होतं. कॅमेरा फिरवला की जवळच्या वस्तू मागच्या वस्तूंच्या तुलनेत सरकतात. एक डोळा मिटून बोट समोर धरा आणि मान डावी-उजवीकडे फिरवा, बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. वस्तू जितकी जवळ तितका तो जास्त. सगळ्यात जवळचा माणूस १५ मीटरवर असेल अशी, शक्यतो रस्त्यापेक्षा थोडी उंच जागा शोधा. उंचीवरून माणसं एकमेकांना कमी झाकतात, आणि दोन दिंड्यांमधली मोकळी जागा दिसते. ती मोकळी जागा पुढे फार कामाला येणार आहे.

पावसाने कडेची माती निसरडी झालेली असते. कठड्यावर चढून, दरडीच्या टोकावर उभं राहून फोटो काढू नका. वारकऱ्यांच्या वाटेत ट्रायपॉडही मांडू नका. गर्दीत त्याच्या पायात कुणी अडकून पडलं तर मागचे दहा जण पडतील. माझ्या मते घाटात ट्रायपॉड नकोच. १५ मीटरच्या पुढे सगळं असेल तर हातात धरून उत्तम पॅनोरमा येतो.

कॅमेऱ्याची मांडणी

कॅमेरा उभा धरा. आडवा पॅनोरमा उभ्या फ्रेम जोडून केला की वर आभाळाला आणि खाली रस्त्याला जागा राहते, कडा कापल्यावरही काही हातात उरतं. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स उभी धरली तर एका फ्रेममध्ये रुंदीत साधारण २७ अंश दिसतात. दर वेळी १६ अंश सरकलात तर शेजारच्या दोन फ्रेममध्ये ४० टक्के भाग सामाईक राहतो. या हिशोबाने १५० अंशांच्या देखाव्याला ९ फ्रेम लागतात. स्थिर देखाव्याला २५-३० टक्के पुरतात. चालत्या माणसांना ४० ते ५० टक्के ठेवा, कारण शिवण सरकवायला जागा हवी. ३५ मिमीही चालेल. त्याहून वाइड लेन्स टाळा, कडेची माणसं ताणली जातात आणि जुळवणी अवघड होते.

मग सगळं कुलूपबंद करा. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरून काढून ‘ढगाळ’वर, फोकस एकदा लावून मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरलेला. एकही गोष्ट ऑटोवर राहिली तर एक फ्रेम निळसर आणि शेजारची पिवळट येते. ५० मिमीला अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा आणि गर्दीवर फोकस करा, मागचा डोंगरही पुरेसा स्पष्ट येतो. शटर स्पीड चालणाऱ्या माणसांना १/५००. माणसाचं धड सावकाश सरकतं, पण हातपाय आणि टाळ त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतात. कुठे फुगडी चालली असेल, पावली खेळत असतील, तर फेरीआधीच १/१००० करा आणि त्या प्रमाणात आयएसओ वाढवा. आयएसओ वाढवल्याने येणारे दाणे, म्हणजे नॉइज, काढता येतो, हललेला चेहरा सरळ करता येत नाही.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ प्रक्रिया न केलेल्या फायलीत, काढा. ढग सरकले आणि मध्येच ऊन आलं तर ती फेरी, म्हणजे एका पॅनोरमाच्या सगळ्या फ्रेम, सोडून द्या, पुन्हा पहिल्यापासून घ्या. आणि लेन्सवर थेंब आहे का ते प्रत्येक फेरीआधी बघा. एका थेंबाचा डाग नऊ फ्रेममध्ये नऊ ठिकाणी येतो.

फिरायचं कोणत्या दिशेने

सगळ्या लेखातून एवढा एकच भाग लक्षात राहिला तरी चालेल. माणसं डावीकडून उजवीकडे चालली असतील तर तुम्ही उजवीकडून डावीकडे फिरा. नेहमी गर्दीच्या उलट.

कारण साधं आहे. १५ मीटरवरचा माणूस सावकाश चालला तरी सेकंदाला सुमारे साडेचार अंश सरकतो. तुम्हीही त्याच दिशेने, साडेतीन सेकंदाला एक फ्रेम अशा गतीने १६-१६ अंश फिरत गेलात, तर तोच माणूस प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ त्याच जागी येईल. जोडलेल्या फोटोत तो नऊ वेळा चालताना दिसेल. तुमची गती वेगळी असली तरी तो दोनदा-तीनदा येऊ शकतो.

उलट दिशेने फिरलात की हे होऊच शकत नाही. तुम्ही उजवीकडचा भाग आधी टिपलात आणि मग डावीकडे वळलात. आता डावीकडे जो दिसतोय तो मघाशी त्याहूनही डावीकडे होता, म्हणजे मघाच्या भागात तो नव्हताच. एकही माणूस दोनदा येत नाही. या पद्धतीत काही माणसं मात्र निसटतात. तुम्ही फ्रेम बदलत असताना जी माणसं सीमा ओलांडून गेली ती कुठल्याच फोटोत नसतात. पण हजारोंच्या गर्दीत दहा माणसं कमी आहेत हे कुणालाच कळत नाही. एकच माणूस दोनदा आला तर पाहणाऱ्याची नजर पहिल्या दहा सेकंदांत तिथे जाऊन थांबते.

दिवे घाटात एक गुंता असतो. रस्ता वळणावळणाचा असल्यामुळे तुमच्या जवळच्या पट्ट्यात माणसं उजवीकडे चाललेली असतात आणि त्याच्या वरच्या पट्ट्यात डावीकडे. मग ऐकायचं कुणाचं? जवळच्यांचं. १०० मीटरवरचा माणूस सेकंदाला पाऊण अंशसुद्धा सरकत नाही, शिवाय तो फोटोत इतका लहान असतो की दोनदा आला तरी ओळखू येत नाही.

फिरताना कॅमेरा हाताच्या अंतरावर धरून स्वतःभोवती गोल फिरू नका. डावा हात लेन्सखाली ठेवा, ती लेन्स जणू एका खुंटीवर बसवली आहे असं समजा आणि तुम्ही तिच्याभोवती पावलं टाका. क्षितिज व्ह्यूफाइंडरच्या एकाच रेघेवर राहू द्या. घाटात रस्ता तिरपा असतो आणि डोळा नकळत त्या तिरपेपणाला समांतर कॅमेरा धरतो. रस्त्याकडे न बघता दूरच्या तलावाच्या काठाची रेघ धरा.

शिवण कुठून घालायची

शटर दाबण्याआधी दोन फ्रेमच्या सामाईक पट्ट्यात काय आहे ते बघा. तिथे विजेचा खांब, झाडाचं खोड, उघडा कातळ किंवा दोन दिंड्यांमधली मोकळी जागा असली तर शिवण तिथून जाईल आणि कुणालाही कापणार नाही. दिंडीची रचना यासाठी सोयीची आहे. पुढे पताकावाले, मग टाळकरी आणि पखवाज, वीणेकरी, मागे तुळशी वृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका. पुढच्या दिंडीच्या पताका यायच्या आधी थोडी फट पडते. त्या फटीची वाट बघा. ती सामाईक पट्ट्यात आली की शटर दाबा.

फट आलीच नाही तर? मग एकाच ठिकाणी थांबून दोन-दोन सेकंदांच्या अंतराने तीन-चार फोटो काढा आणि मग पुढच्या फ्रेमकडे वळा. नऊ जागांचे मिळून तीसेक फोटो होतील. घरी प्रत्येक जागेचा सर्वांत चांगला फोटो निवडता येतो, आणि एका फोटोत कापला गेलेला माणूस शेजारच्या फोटोत पूर्ण असतोच. कार्डवरची जागा वाचवायची ही वेळ नाही. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढा, म्हणजे शेकडो फायलींमधून फेऱ्या वेगळ्या काढणं सोपं जातं.

पताकांवरून शिवण नेऊ नका. वाऱ्याने त्या दर फोटोत वेगळ्या आकाराच्या असतात.

रथ येतो तेव्हा

माऊलींचा रथ घाट चढताना त्याला जादा बैलजोड्या जोडतात. रथापुढे २७ दिंड्या आणि मागे कितीतरी जास्त, असा तो लवाजमा वळणावर येतो तेव्हा डावी-उजवी सगळं विसरा. रथाची फ्रेम सगळ्यात आधी घ्या, एक नव्हे, आठ-दहा. तोच तुमच्या पॅनोरमाचा मध्य. त्यानंतर रथाच्या पुढच्या भागाच्या फ्रेम घ्या, रथाकडून बाहेर जात, आणि मग मागच्या भागाच्या, त्याही रथाकडून बाहेर जात. मागच्या बाजूला तुम्ही आपोआप गर्दीच्या उलट फिरता. पुढच्या बाजूला गर्दीबरोबर जावं लागतं, तिथे भराभर फ्रेम घ्या, म्हणजे माणसांना तुमच्याबरोबर पुढे सरकायला वेळच मिळणार नाही.

कुणाला वाटेतून बाजूला व्हायला सांगायचं असेल तर “माऊली, जरा...” एवढं पुरतं. पण खरं तर सांगूच नका. ते चालायला आले आहेत, आपण बघायला.

फोन असेल तर

फोनचा पॅनोरमा वेगळ्या तऱ्हेने काम करतो. तो सलग उभ्या अरुंद पट्ट्या घेत त्या जोडत जातो. फोन ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने चालणारा माणूस जास्त पट्ट्यांमध्ये येतो आणि लांबट, ताणलेला दिसतो. उलट दिशेचा माणूस आखडतो, कधी त्याचा फक्त एक पाय उरतो. ही गंमत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०४ साली पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा स्वतःभोवती फिरत लांबलचक फिल्मवर फोटो घ्यायचा, आणि शाळेच्या ग्रुप फोटोत एखादा मुलगा मागून धावत जाऊन दोन्ही टोकांना हजर व्हायचा.

म्हणून फोनवर दोन पर्याय. एक, पॅनोरमा मोड वापरायचा असेल तर दूरच्या गर्दीसाठी वापरा, नाहीतर माणसं तुमच्याकडे येताहेत किंवा तुमच्यापासून दूर जाताहेत अशा जागी उभे राहा. फिरवण्याची दिशा आयफोनवर बाणाला बोट लावून उलटता येते. दुसरा आणि मला जास्त पटणारा पर्याय: पॅनोरमा मोड विसरा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर बांधले जातात, मग कॅमेऱ्यासारखेच एकेक उभे फोटो घ्या आणि नंतर जोडा.

घरी आल्यावर

अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये नऊ फोटो निवडून पॅनोरमा मर्ज करणं सगळ्यात झटपट, पण शिवण कुठून जाईल ते तिथे तुमच्या हातात नसतं. चालत्या माणसांसाठी मास्क, म्हणजे फोटोचा कुठला भाग घ्यायचा आणि कुठला लपवायचा हे ठरवण्याची सोय, देणारं सॉफ्टवेअर लागतं. ह्यूगिन मोफत आहे, पीटीगुई विकत मिळतं आणि जास्त सोपं आहे. मी नवशिक्याला ह्यूगिनच सुचवतो, कारण आत काय चाललंय ते त्यात कळतं.

प्रत्येक जागेचा एक चांगला फोटो निवडून ह्यूगिनमध्ये घाला. सॉफ्टवेअर दोन फोटोंमधल्या सारख्या जागा शोधून तिथे कंट्रोल पॉइंट लावतं. इथे घाई करू नका. हे पॉइंट एकेक करून बघा आणि जे माणसांवर, पताकांवर, ढगांवर पडले असतील ते सगळे काढून टाका. हलणाऱ्या वस्तूवर पॉइंट राहिला की सॉफ्टवेअर माणूस जुळवायला जातं आणि डोंगर मोडतं. कातळ, खांब, कठडा, झाडाचं खोड यांवरचे पॉइंट ठेवा. कमी पडले तर हाताने लावा. मग ऑप्टिमाइझ करा, म्हणजे सॉफ्टवेअर या पॉइंटांवरून फोटो नेमके जुळवतं. १५० अंशांसाठी सिलिंड्रिकल प्रोजेक्शन, म्हणजे देखावा नळकांड्याच्या आत चिकटवून मग सपाट उलगडल्यासारखी मांडणी, घ्या. उभ्या रेषा उभ्याच राहतात, सरळ रस्ता थोडा वाकतो, पण घाट मुळात वाकडाच आहे.

आता मास्क. दोन फोटोंच्या सामाईक भागात एकात माणूस अर्धा आणि दुसऱ्यात पूर्ण असेल, तर अर्ध्याभोवती रेघ ओढून तो भाग वगळा. किंवा पूर्ण माणसाभोवती रेघ ओढून तो हवाच असं सांगा. पीटीगुईमध्ये हेच लाल आणि हिरव्या ब्रशने होतं. शिवण त्या माणसाला वळसा घालून जाते. हे करताना माणसाबरोबर त्याचे पाय आणि ऊन असेल तर त्याची सावलीही घ्या. मालक नसलेली सावली रस्त्यावर राहिली की फोटो खोटा वाटतो.

फार दाट गर्दीत एवढ्याने भागत नाही. तेव्हा ह्यूगिनकडून जोडलेल्या एका फोटोऐवजी जागेवर बसवलेल्या सुट्या टिफ फायली मागा, त्या गिंप किंवा फोटोशॉप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर (थर) म्हणून एकावर एक ठेवा आणि प्रत्येक लेयरला पांढरा मास्क द्या. काळ्या ब्रशने रंगवलं की तो भाग लपतो, पांढऱ्याने परत येतो. एकाच जागेचे तीन-चार फोटो घेतले होते ते इथे उपयोगी पडतात. शिवणीच्या रेघेवर शंभर टक्के झूम करून वरपासून खालपर्यंत एकदा फिरा. पायांच्या ओळीकडे विशेष बघा, बहुतेक चुका तिथेच लपलेल्या असतात. मग तोच फोटो आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटवून पुन्हा बघा, सवयीने न दिसलेल्या जागा लगेच दिसतात.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ९ फ्रेमचा असा फोटो सुमारे २२,००० पिक्सेल रुंद होतो, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर ६ फूट लांब. जुन्या लॅपटॉपवर काम अडकत असेल तर आधी सगळे फोटो अर्ध्या आकारात जोडून बघा, शिवणी पक्क्या करा आणि मगच पूर्ण आकारात करा.

रिंगणासाठी थोडा बदल

पुढे वाटेवर गोल रिंगणं होतात, सदाशिवनगरजवळ, खुडूस फाट्यावर, वाखरीच्या अलीकडे बाजीराव विहिरीला. तिथे गर्दी गोल करून उभी असते आणि मधून अश्व धावतात, म्हणून काम उलट सोपं होतं. रिंगण लागलं, अश्व अजून सुटले नाहीत, तेव्हाच आजूबाजूच्या गर्दीची पूर्ण फेरी घेऊन ठेवा. मग ज्या एका बाजूला प्रकाश चांगला आहे तिकडे कॅमेरा रोखा, शटर १/१६०० करा, त्या प्रमाणात आयएसओ वाढवा म्हणजे उजेड आधीच्या फेरीसारखाच राहील, आणि अश्व समोर आले की सलग फोटो घ्या. पॅनोरमात अश्वांची ती एकच फ्रेम बसवायची. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला लोक रिंगणात धावतात. त्या वेळी कॅमेरा छातीशी घट्ट धरा आणि वाटेतून बाजूला व्हा.

फोटो देताना

अश्वांची जोडी पाच ठिकाणी चिकटवून पाच जोड्या धावताहेत असं दाखवता येतं. ते करायचं असेल तर तसं फोटोखाली लिहा. नुसता पॅनोरमा असेल तरी ‘९ फोटो जोडून, ४० सेकंदांत’ असं मी लिहितो. वर्तमानपत्राला फोटो द्यायचा असेल तर जोडलेला आहे हे आधीच सांगा, बातमीचा फोटो म्हणून ते तो घेणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. गर्दी दाट दिसावी म्हणून माणसं कधीही वाढवू नका. घाटात ती पुरेशी असतात.

आणि दिंडीच्या पताकेवर किंवा मागच्या ट्रकवर बहुतेक वेळा दिंडीचं आणि गावाचं नाव लिहिलेलं असतं. सहा फुटी प्रिंटवर ते वाचता येतं. ज्या दिंडीचे चेहरे स्पष्ट आले आहेत त्या गावाला, दिंडीप्रमुखांच्या नावाने, एक छोटी प्रिंट पोस्टाने पाठवा. पुढच्या वर्षी त्याच वळणावर उभे राहिलात तर तीच दिंडी पुन्हा येईल.